ऑपरेशन झालं ना, मग आता लेकराला पळू द्या

मैत्रिणींनो, आजचा विषय थोडा नाजूक आहे, आणि काही जणींना माझं बोलणं टोचेलही. हृदयाचा आजार असलेल्या मुलांच्या खाण्याबद्दल, खेळण्याबद्दल आणि त्यांच्या अंगावर चढणाऱ्या चरबीबद्दल मला लिहायचं आहे. तुम्ही म्हणाल, अशी मुलं तर काडीसारखी असतात, त्यांच्या अंगावर चरबी कुठली? तान्हेपणी असतात खरी. पण ऑपरेशन होऊन पाच-सात वर्षं झालेली मुलं जरा नीट बघा. पोट सुटलेलं, दोन जिने चढले की धाप, संध्याकाळी हातात मोबाईल आणि मांडीवर फरसाणाची वाटी. आणि घरातले सगळे म्हणतात, "असू दे, हृदयाचं लेकरू आहे."

माझं मत सरळ आहे. ज्या मुलाचं हृदय जन्मापासून नाजूक आहे, त्याला जास्तीची चरबी इतर मुलांपेक्षा अधिक महाग पडते. म्हणून त्याच्या ताटाकडे आणि खेळाकडे इतरांपेक्षा जास्त लक्ष हवं. आपण नेमकं उलटं करतो. त्याला सगळ्यात जास्त भरवतो आणि सगळ्यात कमी हलू देतो.

सवय लागते कुठून?

जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांत साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. कुणाच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, कुणाची झडप अरुंद, कुणाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांची जोडणीच उलटी. पूर्वी यातली कितीतरी बाळं कळायच्या आत जायची. आता सोनोग्राफी आली, मुलांच्या हृदयाचे वेगळे डॉक्टर आले. २०१३ मध्ये पालघरपासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होऊन दोष सापडू लागले. मुलं वाचतात, शाळेत जातात, मोठी होतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण वाचलेलं मूल पुढे पन्नास-साठ वर्षं कसं जगणार, याचा विचार मात्र अजून आपल्या घरात शिरलेला नाही.

छिद्र मोठं असलेल्या बाळाच्या आईचे पहिले महिने कसे जातात ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच ठाऊक. फुफ्फुसांकडे जास्तीचं रक्त जातं, बाळ भराभर श्वास घेतं, चार घोट पिऊन थकतं, पिताना कपाळावर घाम येतो. निरोगी तान्ह्या बाळाला वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण १०० ते ११० उष्मांक पुरतात. अशा बाळाला १२० ते १५० पर्यंत लागतात, कारण नुसता श्वास घेण्यात आणि हृदय चालवण्यातच त्याची शक्ती जाते. म्हणून डॉक्टर सांगतात, थोडं थोडं पण सारखं पाजा, वजन वाढवा. वजन वाढलं तर ऑपरेशन सोपं. त्या दिवसांत आईचा जीव वजनकाट्यात अडकलेला असतो. पन्नास ग्रॅम वाढले तर घरात सण, पन्नास ग्रॅम घटले तर चूल पेटत नाही.

मग ऑपरेशन होतं. छिद्र बुजतं. आता त्या बाळाला जास्तीचे उष्मांक लागत नाहीत, पण भूक मात्र खुलते. बहुतेक मुलांचं वजन सहा महिने ते वर्षभरात भरून येतं. इथे आपला हात आखडायला हवा. पण भरवायची सवय त्या आईच्या, आजीच्या हाडात मुरलेली असते. बाळाची प्रकृती बदलली तरी आपल्या मनातलं बाळ तेच राहतं, निळसर ओठांचं, धापा टाकणारं.

आमच्या नात्यातल्या एका मुलीचं ऑपरेशन अकराव्या महिन्यात झालं. आता ती नऊ वर्षांची आहे. अजून तिची आजी वाटी घेऊन तिच्या मागे फिरते. तुपात भिजवलेल्या दोन पोळ्या झाल्या की दूध, दूध झालं की "ताकद येते म्हणून" शिरा. दर वर्षी इको होतो, डॉक्टर म्हणतात उत्तम आहे. पण शाळेत खेळाच्या तासाला ती बाकावर बसते. बाकीच्या मुलींच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायचं काम तिच्याकडे. गेल्या दिवाळीत तिला सगळ्यांसोबत गच्चीवर यायला दम लागला तर घरातले एकमेकांकडे बघून म्हणाले, "शेवटी हृदयच ते." मला विचाराल तर तो दम हृदयाचा नव्हता. नऊ वर्षं ज्या पायांना पळू दिलं नाही, त्या पायांचा तो दम होता.

सहा आठवड्यांची बंदी, सहा वर्षं

हृदयाच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये छातीचं मधलं हाड कापतात आणि नंतर तारेने बांधतात. ते हाड जुळून यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणून डॉक्टर सांगतात, बाळाला काखेत हात घालून उचलू नका, जड दप्तर देऊ नका, धक्काबुक्कीचे खेळ काही काळ नकोत. ही बंदी हाडासाठी असते आणि तिला मुदत असते. घरी आल्यावर आपण मुदत विसरतो, बंदी तेवढी लक्षात ठेवतो. शाळेच्या फाइलमध्ये त्या वेळचं प्रमाणपत्र लागलेलं असतं. ते पाहून नवे खेळशिक्षकही घाबरतात आणि म्हणतात, तू बस गं बाजूला. शिक्षकांचं तरी काय चुकलं? त्यांना नवा कागद कुणी दिलेलाच नसतो.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. २००५ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी हृदयविकार असलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुलांच्या हालचालींवर बंधन घातलेलं होतं, त्यांचं वजन उंचीच्या मानाने जास्त वाढलं होतं, आणि पुढे मूल लठ्ठ होईल का हे सांगणारी सगळ्यात ठळक गोष्ट ते बंधनच निघाली. अमेरिकेत बोस्टन आणि फिलाडेल्फियाच्या रुग्णालयांतल्या मुलांची पाहणी २००७ मध्ये छापून आली. त्यात हृदयदोष असलेल्या मुलांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलं वजनाने जास्त होती. म्हणजे ज्यांना आपण अशक्त समजतो ती मुलं या बाबतीत इतर मुलांच्याच रांगेत उभी आहेत. आणि २०१३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने निवेदन काढून डॉक्टरांना सांगितलं की जन्मजात हृदयदोष असलेल्या बहुतेकांना हालचालीसाठी उत्तेजन द्या, आणि प्रत्येक भेटीत त्याबद्दल बोला.

आपल्याकडे प्रत्येक भेटीत काय बोललं जातं? "डॉक्टर, हा जेवतच नाही हो!"

बारीक दिसणारंही मूल

"पण आमचा तर बारीकच आहे," असं काही जणी म्हणतील. त्यांच्यासाठी पुण्याची एक गोष्ट सांगते. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्याला दोघे सारखे, आतून मात्र दुपटीहून जास्त फरक. याज्ञिकांच्याच पुण्यातल्या कामातून हेही पुढे आलं की आपली बाळं जन्मतः वजनाने लहान असतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात.

आता याच्यावर हृदयाचा दोष ठेवा. तान्हेपणी कुपोषण, मग भराभर वाढवलेलं वजन, आणि खेळ नाही म्हणून स्नायू नाहीत. हात-पाय बारीक आणि पोट पुढे, असं मूल दिसलं तर "अंगाला लागत नाही" म्हणू नका. लागतंय, पण चुकीच्या जागी लागतंय.

घरी बघायची एक सोपी रीत आहे. शिंप्याची टेप घ्या. पाच-सहा वर्षांच्या पुढच्या मुलाच्या कमरेचा घेर त्याच्या उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. उंची १३० सेंटिमीटर असेल तर कंबर ६५ च्या आत. तीन-चार महिन्यांतून एकदा मोजा, वहीत लिहा आणि पुढच्या तपासणीला वही घेऊन जा.

पण एक गोष्ट वेगळी ओळखा. दोन-चार दिवसांतच वजन एक-दोन किलोने वाढलं, डोळ्यांखाली किंवा पायांवर सूज आली, लघवी कमी झाली, झोपल्यावर धाप लागू लागली, तर ती चरबी नाही, अंगात साठलेलं पाणी आहे. तेव्हा घरचे उपाय करत बसायचं नाही, थेट डॉक्टरांकडे जायचं.

चरबीने बिघडतं काय?

अंगावर जितकी चरबी, तितक्या भागाला जास्तीचं रक्त पोचवायचं काम हृदयाकडे येतं. रक्तदाब वाढतो. आधीच टाके घातलेल्या हृदयाला हे ओझं नको असतं. ज्यांची महाधमनी अरुंद होती आणि ती दुरुस्त केली, त्यांचा रक्तदाब ऑपरेशननंतरही वाढलेला राहू शकतो. त्यात पोटाची चरबी म्हणजे दुहेरी मार. जाड मुलं झोपेत घोरतात, त्यांचा श्वास अडकतो, त्याने फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढतो. शिवाय काही मुलांना मोठेपणी झडप बदलण्यासाठी पुन्हा ऑपरेशन लागतं, आणि जाड अंगावर भूल आणि ऑपरेशन दोन्ही जिकिरीचं. इकोमध्येसुद्धा चित्र नीट दिसत नाही.

ज्या मुलांच्या हृदयाचा एकच कप्पा नीट काम करतो, त्यांची गोष्ट तर फार शिकवणारी आहे. फॉन्टन नावाच्या ऑपरेशननंतर त्यांचं अशुद्ध रक्त हृदयाच्या धक्क्याशिवायच फुफ्फुसांत जातं. ते वर ढकलायला मदत कोण करतं? श्वास आणि पायांच्या पोटऱ्यांचे स्नायू. म्हणजे अशा मुलासाठी मजबूत पाय हे अर्धं हृदयच. आणि आपण नेमकं त्यालाच कडेवर घेऊन फिरतो.

'जैन' लिहिलं म्हणून तेल कमी होत नाही

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. आपलं पारंपरिक जेवण हृदयाला चांगलंच आहे. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, दोडका, दुधी, पडवळ, ताक, गाळलेलं पाणी, दिवस मावळायच्या आत जेवण. यात काही वाईट नाही. पण मुलं हे जेवतात का? बाजारात प्रत्येक गोष्टीवर 'जैन' शिक्का मिळतो. जैन पावभाजी, जैन पिझ्झा, जैन शेवपुरी. बटाटा नाही म्हणून केळीचे वेफर्स आणायचे, आणि पाकीट अख्खं मुलाच्या हातात द्यायचं. कंदमूळ टाळलं हे ठीकच, पण तळण ते तळणच. मैदा तो मैदाच. शिक्का जीवदयेचा आहे, आरोग्याचा नव्हे.

मीठ हे आपल्या घरात लपून बसतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि मुलांना त्याहून कमी. आपण भाजीत तेवढं घालतोच, वर पापड, लोणचं, शेव, खारे शेंगदाणे. सूज आणि रक्तदाब असलेल्या मुलाच्या ताटातून पहिल्यांदा हे वरचं मीठ काढा, भाजीचं नंतर बघू.

दुधाचंही तसंच. आपल्या मुलांना दूध हवंच, पण दुधात दोन चमचे साखर आणि वर दोन चमचे चॉकलेटची पावडर घातली की ती मिठाई झाली. दिवसातून तीनदा ती मिठाई पाजून पुन्हा म्हणायचं, पोळी खात नाही. भूक राहील कुठून?

गोडाचा आणखी एक धोका या मुलांना आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. दात किडले, हिरड्या सुजल्या की तोंडातले जंतू रक्तात शिरतात. दुरुस्त केलेल्या किंवा बिघडलेल्या झडपेवर ते जाऊन बसले तर हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. म्हणून सुई टोचून घेतल्याचं बक्षीस चॉकलेट, औषध घेतल्याचं बक्षीस चॉकलेट, हे बंद करा. दोन्ही वेळा दात घासणं हे अशा मुलासाठी औषधाइतकंच मोलाचं आहे. आणि दाताच्या डॉक्टरांकडे गेलात तर खुर्चीत बसण्याआधी हृदयाबद्दल सांगा.

व्रत लेकराचं की आपल्या हौसेचं?

पर्युषण आले, दशलक्षण आले की लहान मुलांच्या उपवासाचं कौतुक सुरू होतं. निरोगी मुलांबद्दल मी इथे बोलत नाही. पण हृदयाच्या मुलाने निर्जळ उपवास करावा, हे मला मान्य नाही. ज्या मुलांचे ओठ-नखं अजून निळसर आहेत त्यांचं रक्त दाट असतं. पाणी कमी पडलं तर ते आणखी दाट होतं आणि गुठळी होण्याची भीती असते. काही मुलांना लघवी वाढवणारी गोळी चालू असते. त्यांनाही पाणी तोडून चालत नाही. रात्रीचं औषध चौविहारामुळे चुकवायचं, हेही काही घरांत होतं. मुनिमहाराजांना, माताजींना विचारून बघा. आजारी लेकराचं औषध थांबवा, असं कुणी सांगितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. कृत्रिम झडप बसवलेल्या मुलांना रक्त पातळ ठेवणारी गोळी कायम असते. तिचा डोस ठरतो तो रोजच्या खाण्यावर, विशेषतः पालेभाज्यांवर, कारण पाल्यातलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. चातुर्मासात आपल्या घरातून पालेभाजी एकदम नाहीशी होते. गोळी तेवढीच राहिली तर रक्त गरजेपेक्षा पातळ होऊ शकतं. चार महिन्यांनी मेथी-पालक परत सुरू झाले की उलटं. म्हणून चातुर्मास लागण्याआधी आणि संपल्यावर डॉक्टरांना सांगून आयएनआरची तपासणी करून घ्या. आपलं व्रत डॉक्टरांना ठाऊक असेल असं धरून चालू नका.

मग या मुलांनी तप करूच नये का? करावं की! बाह्य तपांत अनशनाच्या पाठोपाठ अवमौदर्य सांगितलं आहे, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी जेवणं. आणि रसपरित्यागात दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ यांतला एखादा रस सोडायचा असतो. आठवड्यातून एक दिवस सगळ्या घराने गोड सोडावं, एक दिवस तळलेलं सोडावं. सगळ्या घराने, हे महत्त्वाचं. बाप समोर बसून शेव खातो आणि लेकाला म्हणतो, तुला नाही, याला तप म्हणत नाहीत. मुलाला ती शिक्षा वाटते, आणि मग ते लपून खायला शिकतं.

वाढत्या मुलाला उपाशी ठेवून वजन उतरवायचं नाही, हेही स्पष्ट सांगते. त्याची उंची वाढते आहे. वजन आहे तिथे राहिलं आणि उंची वाढली, तरी काम होतं. डाळी, कडधान्यं, दूध-ताक, शेंगदाणे यांतून प्रथिनं मिळू द्या. कमी करायचं ते साखर, मैदा, तळण आणि वरचं मीठ.

खेळ म्हणजे धोका नव्हे

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी एक तास तरी अंग हलेल, घाम येईल असा खेळ हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हृदयाच्या मुलाला हे एकदम जमणार नाही. दहा मिनिटांपासून सुरू करा. सकाळी देवळापर्यंत चालत न्या, स्कूटरवर नको. मग लंगडी, लगोरी, दोरीवरच्या उड्या, सायकल. खेळताना मूल बोलू शकत असेल तर जोर बेताचा आहे असं समजा. दमलं तर त्याला बसू द्या. बहुतेक मुलं आपली मर्यादा आपणच ओळखतात, त्यांना जबरदस्ती करू नका आणि अडवूही नका.

मात्र सगळ्यांना एकच नियम नाही. महाधमनीची झडप फारच अरुंद असेल, हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार असेल, ठोके बिघडत असतील किंवा फुफ्फुसांतला दाब वाढलेला असेल, तर जोराचे आणि स्पर्धेचे खेळ धोक्याचे ठरू शकतात. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर कबड्डी, कुस्ती, जिथे मार लागतो ते नको. वातज्वरामुळे झडपा खराब झालेल्या मुलांचं गणित आणखी वेगळं. खेळताना चक्कर आली, मूल बेशुद्ध पडलं, छातीत दुखलं, ओठ निळे पडले, तर खेळ तिथेच थांबवायचा आणि दाखवायला न्यायचं. म्हणून मी "सोडा त्याला मैदानात" असं म्हणत नाही. मी म्हणते, विचारा. विचारल्याशिवाय बंदी घालू नका.

झोपेचंही बघा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी. संध्याकाळी लवकर जेवलेलं मूल रात्री अकरापर्यंत मोबाईल बघत बसलं तर त्याला पुन्हा भूक लागणारच, आणि मग डबे उघडले जाणार. लवकर जेवणाचा फायदा लवकर झोपलं तरच मिळतो.

सासूबाईंना कसं सांगायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो. ज्या आजीने आयसीयूच्या दाराबाहेर रात्री काढल्या, णमोकार जपत बसली, तिला "भरवू नका" म्हणणं सोपं नाही. तिच्यासाठी तो घास म्हणजे लेकरू जिवंत असल्याची खूण आहे. सुनेने सांगितलं तर वाद होतो. म्हणून पुढच्या तपासणीला आजीलाच सोबत न्या, आणि डॉक्टरांनाच तिला सांगू द्या. तिचं प्रेम अडवू नका, फक्त त्याला दुसरी वाट द्या. वाटी घेऊन मागे फिरण्याऐवजी तिने नातीचा हात धरून देवळात चालत जावं. दोघींचेही गुडघे आणि दोघींचीही हृदयं बरी राहतील.

आणि मुलीच्या आयांना एक वेगळं सांगते. छातीवरचा व्रण दिसेल, पुढे लग्नाला अडचण येईल, म्हणून पोहायला नको, खेळाचे कपडे नकोत, चारचौघांत जाणं नको, असं करून तिला घरात कोंडू नका. व्रण लपवण्यापायी मुलीचं बळ घालवू नका.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. माझ्या मुलाने कोणते खेळ खेळायचे आणि कोणते नाही? त्याचं वजन उंचीच्या मानाने ठीक आहे का? शाळेसाठी आजच्या तारखेचं नवं पत्र द्याल का? ते पत्र घेऊन वर्गशिक्षकांना आणि खेळशिक्षकांना भेटा, आणि जुना कागद फाइलमधून काढून घ्या. ज्यांच्या घरी असं मूल नाही, त्यांनी हा लेख ज्यांच्या घरी आहे त्यांना पाठवा. आणि अशा घरी भेटायला जाताना मिठाईचा बॉक्स नेऊ नका. चेंडू न्या.